विश्लेषण : सातबारा कोरा, पण जमिनीखालचे काय?

कारखाना बंद झाला आणि त्या जागी आयटी पार्क, मॉल, गोदाम किंवा डेटा सेंटर उभे राहिले. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, नवी मुंबईच्या महापे-ऐरोली पट्ट्यात, अंधेरीच्या एमआयडीसीत हे चित्र आता नवे नाही. अशा जागेचा व्यवहार ठरतो तेव्हा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात, मिळकत पत्रिका तपासतात, बँकेचा बोजा आहे का ते पाहतात. जुन्या कारखान्याच्या सांडपाण्याचे, गाळाचे आणि गळक्या टाक्यांचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. शिसे, क्रोमियम, कॅडमियम, निकेल, पारा हे धातू मालक बदलला म्हणून जागा सोडत नाहीत. ते कुजत नाहीत, जळून नाहीसे होत नाहीत; मातीत राहतात किंवा पाण्याबरोबर शेजारच्या जागेत जातात. म्हणूनच माती आणि भूजलाची तपासणी हा जमिनीच्या व्यवहाराचाच एक भाग व्हायला हवा. तो आज का नाही आणि ही तपासणी नेमकी होते कशी?

‘सॉइल टेस्ट’ तर होतेच ना?

होते, पण ती वेगळी. बांधकामापूर्वी जी सॉइल टेस्ट केली जाते ती जमिनीची भार पेलण्याची क्षमता पाहण्यासाठी. मुरूम किती खोलीवर लागतो, पक्का खडक कुठे आहे, पाया कसा घ्यावा, एवढेच त्यातून कळते. त्या मातीत शिसे किती आहे, हे त्या अहवालात नसते. शेतकऱ्याला मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका हाही तिसराच प्रकार. ती नत्र, स्फुरद, पालाश आणि पिकाला लागणारी सूक्ष्म अन्नद्रव्ये सांगते. नाव सारखे असल्याने ‘माती तपासून झाली आहे’ असे विकासक प्रामाणिकपणे सांगतो आणि खरेदीदारही निर्धास्त होतो.

यातली गमतीची बाब अशी, की भार-क्षमतेच्या चाचणीसाठी बोअर घेणारे यंत्र जागेवर आलेलेच असते. खोदकामाची पद्धत थोडी बदलली, अवजारे दरवेळी धुतली आणि नमुने योग्य बाटल्यांत भरले, तर त्याच खेपेत धातूंच्या तपासणीसाठीही माती घेता येते. त्यामुळे खर्चाची सबब वाटते तितकी भक्कम नाही.

व्यावसायिक जागेत धातू येतात कुठून?

मोठा रासायनिक कारखानाच हवा असे नाही. औद्योगिक वसाहतीतील एखादा प्लेटिंगचा गाळाही पुरेसा असतो. तिथे क्रोमियम, निकेल, जस्त यांच्या टाक्या असतात. काही जुन्या पद्धतींत कॅडमियमही वापरले जाई. लादीच्या फटींतून झिरपलेले पाणी वर्षानुवर्षे खाली मुरते. बॅटरीचे भंगार फोडण्याच्या जागेवर शिसे आणि गंधकाम्ल दोन्ही सांडते. आम्लामुळे मातीला घट्ट धरून बसलेले शिसे सुटे होते आणि पाण्यात उतरणे सोपे जाते. रंग व रंगद्रव्यांचे कारखाने, कातडी कमावण्याचे उद्योग, धातूच्या ओतशाळा, लाकडावर रासायनिक प्रक्रिया करणारी केंद्रे, जुनी गॅरेजे या सगळ्यांचा आपापला ठसा जमिनीत उरतो.

आणखी एक वाट फारशी लक्षात घेतली जात नाही. ती म्हणजे भराव. खाडीकाठच्या आणि सखल जागा भरताना कुठली माती, कुठली राख, कुठल्या भट्टीची मळी टाकली, याची नोंद सहसा नसते. त्यामुळे ज्या भूखंडावर कधीच कारखाना नव्हता, तिथेही धातू सापडू शकतात. उलट एखाद्या दूषित जागेवर दोन-तीन मजली तळघर खोदले, तर निघालेली माती ट्रकने दुसऱ्या जागेच्या भरावाला जाते. प्रदूषण संपत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो.

इथे दुकान किंवा कार्यालय होणार. मग धोका कोणाला?

‘इथे कोणी राहणार नाही, वर काँक्रीट येणार’ हा नेहमीचा युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. काँक्रीट आल्यावर मातीशी थेट संपर्क तुटतो, हे बरोबर. पण काँक्रीट येण्याआधी त्या जागेवर दीड-दोन वर्षे मजूर खोदकाम करत असतात. त्यांची कुटुंबे तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहतात, लहान मुले त्याच धुळीत खेळतात. शिशाचा सर्वाधिक फटका बसतो तो लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला. षट्संयुजी क्रोमियमची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका असतो आणि त्वचेवर जखमा होतात. कॅडमियम मूत्रपिंडात साठत जाते. ज्या कुटुंबांना हा धोका सर्वात जास्त, त्यांचे नाव खरेदीखतात कुठेच नसते.

दुसरा धोका पाण्याचा. व्यावसायिक इमारतींत बोअरचे पाणी स्वच्छतागृहे, बागा, वातानुकूलन यंत्रणा यांना वापरले जाते. टंचाईच्या दिवसांत हेच पाणी आणखी कुठे कुठे जाते, यावर कोणाचा पहारा नसतो. तळघर कोरडे ठेवण्यासाठी सतत पंप चालवला, तर शेजारच्या भूखंडाखालचे दूषित पाणीही आपल्याकडे ओढले जाते. म्हणजे स्वतःची जागा स्वच्छ असूनही मालक अडचणीत येऊ शकतो.

तपासणीची सुरुवात कुठून होते?

फावड्यापासून नव्हे, कागदापासून. पहिल्या टप्प्यात एकही नमुना घेतला जात नाही. जागेचा इतिहास मांडला जातो. जुने नकाशे, वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह छायाचित्रे, कारखान्याचे परवाने, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रे, घातक कचऱ्याच्या नोंदी, आग किंवा गळतीच्या घटना हे सगळे पाहिले जाते. मग जागेवर फेरी होते. लादीवरचे डाग, गंजलेले ड्रम, बुजवलेले खड्डे, गवत न उगवणारे पट्टे, बंद पडलेली विहीर, सांडपाण्याच्या नाल्याचा उतार यांची नोंद घेतली जाते. सर्वात उपयोगी माहिती अनेकदा जुना कामगार किंवा रखवालदार देतो. ‘ड्रम तिकडे मागच्या भिंतीपाशी धुवायचे’ हे वाक्य कुठल्याही फाइलमध्ये नसते.

या टप्प्याच्या शेवटी एक साधे चित्र तयार व्हावे लागते : प्रदूषणाचा उगम कुठे असू शकतो, ते कोणत्या वाटेने पसरू शकते आणि अखेर कोणापर्यंत पोहोचू शकते. उगम, वाट आणि बळी यांपैकी एकही दुवा नसेल तर धोका कमी. तिन्ही जुळत असतील तर दुसरा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष नमुने घेणे, टाळता येत नाही.

माती कशी तपासतात?

जिथे शंका आहे तिथे दाट आणि इतरत्र ठरावीक अंतरावर जाळे आखून नमुने घेतले जातात. फक्त वरची माती पुरत नाही. वरचा थर, भरावाचा थर, मूळ मातीचा थर आणि पाण्याच्या पातळीजवळचा थर असे वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने लागतात. जागेवरच अंदाज घेण्यासाठी हातात धरता येणारे एक्सआरएफ यंत्र वापरतात. ते क्ष-किरणांच्या साहाय्याने मातीतील धातूंचे प्रमाण चटकन दाखवते. शिसे, जस्त, तांबे यांसाठी ते उपयोगी आहे. पारा आणि कॅडमियम कमी प्रमाणात असतील तर मात्र ते चुकवू शकते. म्हणून अंतिम निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच व्हावा.

इथे एक चलाखी होऊ शकते. दहा ठिकाणची माती एकत्र मिसळून एकच नमुना पाठवला, की एका ठिकाणचे जबर प्रदूषण नऊ स्वच्छ जागांत विरून जाते आणि सरासरी सुरेख दिसते. शेतीसाठी असा मिश्र नमुना योग्य; प्रदूषणाच्या शोधात तो दिशाभूल करतो. अहवाल हातात आल्यावर पहिला प्रश्न ‘आकडा किती’ हा नसावा, ‘नमुना कुठून, किती खोलीवरून आणि कोणी घेतला’ हा असावा.

जागेवरच्या बोअरचे पाणी तपासले तर चालत नाही का?

सहसा नाही. जुनी बोअरवेल खोल असते. तिच्यात वेगवेगळ्या भेगांतून आलेले पाणी मिसळते. वरच्या थरात साचलेले प्रदूषण त्यात पातळ होऊन जाते आणि अहवाल ‘सुरक्षित’ येतो. त्यासाठी स्वतंत्र निरीक्षण विहिरी घ्याव्या लागतात. त्यांची जाळीदार नळी ठरावीक थरातच उघडी ठेवलेली असते. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे ठरवायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. एक विहीर जागेच्या वरच्या अंगाला हवी, म्हणजे प्रदूषण बाहेरून आत येते आहे की आतून बाहेर जाते आहे, हे कळते. मालकाच्या दृष्टीने हा फरक कोट्यवधींचा ठरू शकतो.

नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची. विहिरीतले साचलेले पाणी आधी काढून टाकावे लागते, तेही हळूहळू. जोराने उपसले तर गाळ ढवळला जातो आणि गाळाला चिकटलेले धातू आकडा फुगवतात. विरघळलेले धातू मोजायचे तर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. षट्संयुजी क्रोमियमसाठी मात्र वेगळी बाटली लागते. ते आम्लात टिकत नाही. नमुना थंड ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची सही-शिक्क्यानिशी नोंद नसेल, तर उद्या न्यायालयात त्या अहवालाला अर्थ उरत नाही.

महाराष्ट्राच्या जमिनीत वेगळी गुंतागुंत कोणती?

राज्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबे हे धातू निसर्गतःच तुलनेने जास्त असतात. कोकणातील जांभ्या दगडाच्या मातीतही असेच होते. त्यामुळे परदेशातील मर्यादा उचलून लावल्या, तर कधीच कारखाना न पाहिलेली टेकडीही ‘दूषित’ ठरेल. उलट प्रत्यक्ष प्रदूषण ‘आपल्याकडची मातीच तशी’ म्हणून झाकताही येते. यावर उपाय एकच : त्याच प्रकारच्या खडकावरच्या, उद्योगाचा स्पर्श नसलेल्या जवळच्या जागेचे नमुने घेऊन त्यांच्याशी तुलना करणे. असे तुलनेचे नमुने नसलेला अहवाल अपुरा मानायला हवा.

क्रोमियमच्या बाबतीत तर एकूण प्रमाणाने भागत नाही. खडकातून आलेले क्रोमियम बहुधा त्रिसंयुजी असते. ते मातीला धरून राहते आणि तुलनेने कमी विषारी असते. प्लेटिंगच्या टाकीतले षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते आणि दूर जाते. एकूण आकडा सारखा असला तरी या दोन जागांचा धोका सारखा नसतो.

पाण्याचेही तसेच. वाळूच्या थरात पाणी एकसारखे पसरते. बेसॉल्टमध्ये ते मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून वाट काढते. एक विहीर स्वच्छ आणि तीस फुटांवरची पिवळी, असे होऊ शकते. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येऊन भरावातील धातू धुवून नेते, तर उन्हाळ्यात ती खाली जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर असे किमान दोनदा नमुने घेतल्याशिवाय भूजलाला स्वच्छतेचा दाखला देणे घाईचे ठरते.

आकडे वाचायचे कसे?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ‘आयएस १०५००’ आहे. त्यानुसार एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, निकेल ०.०२ आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. मातीचे गणित इतके सरळ नसते. तिथे जागेचा वापर पाहावा लागतो. गोदामासाठी चालणारी पातळी शाळेच्या मैदानासाठी चालत नाही. म्हणूनच ‘व्यावसायिक वापरासाठी योग्य’ असा दाखला मिळालेली जागा दहा वर्षांनी निवासी झाली, तर जुना अहवाल बाद समजून पुन्हा तपासणी व्हायला हवी. मॉलमध्ये पाळणाघर आणि गोदामाच्या जागी गृहसंकुल हे आपल्याकडे नवल राहिलेले नाही.

वेळेवर तपासणी झाली नाही तर काय होते?

तमिळनाडूतील कोडाईकनालचे उदाहरण बोलके आहे. तिथे थर्मामीटरचा कारखाना होता. न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन येथील यंत्रसामग्री १९८० च्या दशकात इथे आणली गेली. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे, म्हणजे आजच्या हिंदुस्तान युनिलिव्हरकडे आला. २००१ मध्ये गावातील भंगाराच्या वखारीत पारा असलेली काच सापडली, आंदोलन झाले आणि कारखाना बंद पडला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेला परत पाठवण्यात आला. पण कारखान्याच्या आवारातील माती तिथेच राहिली. ती किती स्वच्छ करायची यावर वाद सुरू झाला. एक किलो मातीत २० मिलिग्रॅम पारा ही निवासी वापरासाठीची पातळी मान्य झाली. खाली जंगल आणि पाणलोट क्षेत्र असल्याने ती आणखी कडक हवी, असे कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. ५९१ माजी कामगारांशी समझोता व्हायला २०१६ उजाडले. कारखाना बंद होऊन पंधरा वर्षे लोटली तरी मातीचा प्रश्न मिटला नव्हता.

तमिळनाडूतच राणीपेट येथे क्रोमियमची रसायने बनवणारा कारखाना १९९० च्या दशकाच्या मध्यात बंद पडला. मागे क्रोमियमयुक्त कचऱ्याचे दोन लाख टनांहून मोठे ढीग उरले. जबाबदार कंपनी संपली, पावसाळे मात्र येतच राहिले. राजस्थानातील बिछरी गावात विहिरींचे पाणी खराब करणाऱ्या उद्योगांना सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाराच भरपाई देईल’ या तत्त्वाने जबाबदार धरले. त्या वसुलीचा वाद २०११ पर्यंत त्याच न्यायालयात चालला. न्याय मिळाला तरी त्याला किती वर्षे लागतात, हे या तीन नावांतून दिसते.

अमेरिकेत हा प्रश्न कसा सोडवला?

तिथेही आधी ठेच लागली. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स येथे ‘लव्ह कॅनॉल’ या जुन्या कालव्यात एका रासायनिक कंपनीने हजारो टन कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा अवघ्या एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा आली, घरे आली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावे लागले. त्यातून १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. त्याने प्रदूषण करणाऱ्याबरोबर जागेच्या सध्याच्या मालकालाही जबाबदार धरले. खरेदीपूर्वी योग्य ती चौकशी केली होती, हे सिद्ध करणाऱ्याला पुढे संरक्षण मिळाले. या एका तरतुदीने बाजाराची रीत बदलली. बँका कर्ज देण्यापूर्वी पहिल्या टप्प्याचा अहवाल मागू लागल्या. त्या अहवालातील काही भाग खरेदीच्या वेळी १८० दिवसांपेक्षा जुना असून चालत नाही.

भारतातील नवे नियम काय सांगतात?

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. हा विषय प्रथमच स्वतंत्र कायदेशीर चौकटीत आला, ही मोठी गोष्ट. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा सहामाही अहवाल द्यायचा. राज्य मंडळाने किंवा नेमलेल्या संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून जागा दूषित आहे का ते ठरवायचे. त्यासाठी १८९ घातक रसायनांची यादी आहे. जबाबदार कोण हे शोधून त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. तो सापडला नाही किंवा देऊ शकला नाही तर केंद्र व राज्याने तजवीज करायची. खाणकाम, किरणोत्सर्गी कचरा, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याच्या कचराभूमी या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती फक्त ७ ठिकाणी.

पण हे नियम सुरू होतात ते संशय आल्यानंतर. जमीन विकली जात असताना किंवा तिचा वापर बदलत असताना ते आपोआप जागे होत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम ५५ विक्रेत्याला दोष उघड करायला सांगते. पण जो दोष खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन कळू शकला नसता, तेवढ्यापुरतेच. माती तपासणे ही ‘साधारण काळजी’ आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे मोकळाच राहतो. ‘रेरा’ने मालकीहक्कातील दोषासाठी विकासकाला जबाबदार धरले. मातीतील दोषालाही तसेच वजन मिळायला हवे.

मग लोक स्वतःहून तपासणी का करत नाहीत?

कारण आजच्या व्यवस्थेत न तपासणाऱ्याचा फायदा आहे. तपासले आणि काही सापडले, तर भाव पडतो, बँक मागे सरते, मंडळाची नोटीस येऊ शकते. तपासलेच नाही तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर तयार असते. विक्रेत्याला कळून घ्यायचे नसते, खरेदीदाराला व्यवहार लांबवायचा नसतो, सल्लागाराला पुढचे काम हवे असते. यात कोणी खलनायक असावाच लागत नाही. सगळे आपापल्या हिशेबाने वागतात आणि धोका पत्र्याच्या खोलीतल्या पोरापर्यंत पोहोचतो.

छोट्या गाळामालकाची अडचणही खरी आहे. आधीच्या भाडेकरूने केलेल्या घाणीसाठी त्याला दिवाळखोरीत ढकलणे न्यायाचे नाही. नुसती सक्ती केली तर खोटे अहवाल मिळू लागतील, हा आक्षेपही झटकून टाकता येणार नाही. म्हणून सक्तीबरोबर संरक्षण हवे.

काय करायला हवे?

पहिले, औद्योगिक भूखंडाचे हस्तांतरण किंवा वापरबदल होताना पहिल्या टप्प्याचा अहवाल बंधनकारक करावा. त्यासाठी नवे खाते लागत नाही. एमआयडीसीचा भूखंड दुसऱ्याच्या नावे करताना महामंडळाची परवानगी लागते आणि शुल्कही भरावे लागते. त्याच अर्जाला हा अहवाल जोडता येईल. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते; तिथेही ही अट घालता येईल.

दुसरे, प्रत्येक जागेला प्रत्यक्ष नमुन्यांची सक्ती नको. कागदावर संशय दिसला तरच दुसरा टप्पा. त्यामुळे खर्च जिथे गरज आहे तिथेच होईल.

तिसरे, प्रामाणिकपणे तपासून निष्कर्ष कळवणाऱ्या आणि स्वतः प्रदूषण न केलेल्या खरेदीदाराला दंडापासून संरक्षण द्यावे. लपवणाऱ्याला मात्र कठोर शिक्षा हवी. शोधणाऱ्याला शिक्षा होते असे वाटत राहिले, तर कोणीच शोधणार नाही.

चौथे, सल्लागार आणि प्रयोगशाळा विक्रेत्याने निवडू नये. मंडळाच्या यादीतून निवड व्हावी आणि काही नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळून पाहावेत.

पाचवे, अहवाल फाइलमध्ये पडून राहू नये. बँकेच्या बोजाप्रमाणे त्याची नोंद मिळकत पत्रिकेवर दिसावी. तळघरातून निघालेली माती कुठे गेली याचीही नोंद ठेवावी.

यातला शेवटचा उपाय सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक ठरू शकतो. सातबाऱ्यावरचा बोजा दिसतो म्हणून खरेदीदार सावध होतो आणि विक्रेता तो फेडून घेतो. मातीतला बोजाही तसाच कागदावर दिसू लागला, तर तो फेडण्याची घाई बाजारच करील. तोवर औद्योगिक जागा घेणाऱ्याने वकिलाला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घालावी : या जमिनीवर आधी काय होत होते आणि तिची माती, तिचे पाणी शेवटचे कधी, कोणी तपासले?